नवरात्रातली दौड अनवाणी करायची तर पाय कधीपासून तयार करायचे?

शहापूर_गल्ली

घटस्थापनेला अजून दहा-अकरा आठवडे आहेत म्हणून आत्ताच धागा काढतोय. बेळगावात नवरात्रात रोज पहाटे निघणाऱ्या दुर्गामाता दौडीत बरेच जण अनवाणी असतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्मी पोरं लंगडायला लागतात. वर्षभर बूट घालून धावणारी किंवा अजिबात न धावणारी माणसं एकदम डांबर-काँक्रीटवर, तेही रोज.

श्रद्धेवर चर्चा नको, पायांवर हवी. दहा आठवडे पुरतात काय? पावसात सराव कुठे करायचा? तळव्याला काय लावायचं, काय नाही? आणि घरातली मोठी माणसं नऊ दिवस चप्पल सोडतात, त्यात शुगर असलेले असतात, त्यांचं काय?

पोटरी_आणि_टाच

चांगल्या वेळी विचारलंत. घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात विचारलं असतं तर 'बूट घाला' एवढंच सांगता आलं असतं.

तळव्याची कातडी हा यातला सगळ्यात सोपा भाग. दोन-तीन आठवड्यांत ती निबर होते. पोटरी, टाचेमागची जाड शीर आणि चवड्याची लांब हाडं यांना महिने लागतात. घोळ इथेच होतो. तळवा टोचायचा थांबला की माणूस अंतर वाढवतो, आणि आतलं हाड अजून कच्चंच असतं. नेहमीच्या धावायच्या बुटात टाच चवड्यापेक्षा आठ-दहा मिलिमीटर उंच असते. बूट काढला की प्रत्येक पावलाला पोटरी तेवढी जास्त ताणली जाते. म्हणून पहिल्या आठवड्यात पोटऱ्या भरून येतात, ते ठीक. टाचेमागची शीर सकाळी उठल्यावर ताठलेली लागली तर मात्र दोन दिवस सुट्टी.

रोज धावणाऱ्या निरोगी माणसासाठी बेत असा:

पहिले दोन आठवडे धावायचंच नाही. रोज पंधरा मिनिटं मातीवर किंवा मुरमावर अनवाणी चाल. एक दिवसाआड पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली, पंधराचे तीन फेरे. वर जाताना सहज, खाली येताना मनात तीन मोजत. उतरताना पोटरीला जे काम पडतं तेच धावताना लागतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, पाच वेळा. आठवड्यातून तीनदाच, मध्ये एक दिवस सोडून. ही अनवाणी धाव सुरुवातीला, पाय ताजे असताना करा. उरलेलं धावणं नंतर बुटात. लोक उलट करतात, दमल्यावर बूट काढतात, आणि दमलेली पोटरी टाच आपटू देते.

पाचव्यात सलग ५०० मीटर, सहाव्यात एक किलोमीटर, अजून मातीवरच. सातव्यात अंतर वाढवायचं नाही, त्याच किलोमीटरातला अर्धा डांबरावर घ्यायचा. जमीन आणि अंतर एकाच आठवड्यात बदलायचं नाही, हा नियम मोडलात की पाय हिशेब मागतो. आठव्यात दीड, नवव्यात दोन. नवव्यात एकदा सलग तीन दिवस धावून बघा, कारण दौड रोज असते आणि सराव एक दिवसाआड झालेला असतो. दहाव्यात निम्मं करा आणि शेवटचे तीन दिवस फक्त चाला.

शहापूर_गल्ली

दोनच किलोमीटर? दौडीचा मार्ग त्याहून मोठा असतो की ओ.

पोटरी_आणि_टाच

असतो, पण वेग मंद असतो आणि मध्ये थांबे असतात. आठव्या आठवड्यापासून धावण्याशिवाय वेगळी तीन-चार किलोमीटर अनवाणी चाल धरा. मग मार्ग निघतो. जिथे तळवा जळायला लागेल तिथून चालायचं, त्यात कमीपणा कसला.

चालता_बोलता

मुळात एवढं शास्त्र कशाला? आबेबे बिकिला १९६० साली रोमला अनवाणी ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकला. आपले आजोबा-पणजोबा अनवाणीच होते.

पोटरी_आणि_टाच

बिकिला रोमला अनवाणी २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत आला. चार वर्षांनी टोकियोला तोच माणूस बूट घालून २:१२:११ मध्ये आला. यातून बूट चांगले की वाईट असं काहीच ठरत नाही, फक्त त्याचे पाय दोन्हीला तयार होते एवढं कळतं. पणजोबांचं म्हणाल तर ते लहानपणापासून अनवाणी होते. दहा आठवड्यांत तुम्ही पणजोबा होत नाही.

धावनोंद

तुमच्या दहा आठवड्यांवरच शंका आहे. २०१३ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ३६ धावपटू, त्यातले १९ जण दहा आठवड्यांत हळूहळू पातळ तळाच्या, बोटं सुटी असलेल्या बुटांवर गेले. आधी आणि नंतर पायांचा एमआरआय काढला. १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. म्हणजे 'हळूहळू' आणि 'दहा आठवडे' दोन्ही पाळूनसुद्धा.

पोटरी_आणि_टाच

शंका रास्त आहे, आणि म्हणूनच वरच्या बेतात शेवटचा आकडा दोन किलोमीटर आहे. सगळं धावणं अनवाणी करायचं असेल तर दहा आठवडे कमीच, सहा महिने ते वर्ष धरा. इथे आठवड्याचं बहुतेक अंतर बुटातच राहतं.

ओळखायची खूण सांगून ठेवतो. पायाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मागे, एका बोटाने दाबत जा. एकाच ठिकाणी टोकदार दुखलं, वर थोडी सूज असली, तर ते हाडाचं दुखणं समजून धावणं बंद. एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे स्वच्छ येऊ शकतो, त्यावर 'काही नाही' म्हणून परत पळायला जाऊ नका. हाडाला तडा असेल तर सहा ते आठ आठवडे जातात, दौड त्या वर्षापुरती विसरायची. दाबल्यावर दुखणं पसरट असेल, चालता चालता मोकळं होत असेल, तर बहुधा स्नायूचं.

खानापूर_रान

जमिनीचं मी सांगतो. आपल्याकडे पश्चिमेला जांभा आणि लाल माती, पूर्वेला अथणी-सौंदत्तीकडे काळी. सराव ऐन पावसाळ्यात येतोय, तेव्हा फरक पडतो.

लाल मातीची दाबलेली वाट सगळ्यात उत्तम. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोतल्या वाटा बघा, झाडांखाली, गाड्या नाहीत. फक्त जांभ्याच्या उघड्या दगडावर पावसात शेवाळ धरतं, त्यावर अनवाणी पाय बुटापेक्षा बरा पकडतो हा गैरसमज आहे. काळी माती ओली असताना तळव्याला चिकटते, पावलागणिक पाय जड होतो, घोटा मुरगळतो. चिकोडी-अथणीकडच्यांनी पावसात शेतवाट सोडून शाळेचं मुरमाचं मैदान धरा.

मुरूम नवा टाकलेला असेल तर एक पाऊस पडून गाड्यांनी दाबला जाईपर्यंत थांबा. नव्या मुरमात कोनेदार खडे वर असतात. तळव्याच्या गादीला खडा जोरात लागला तर चार-पाच दिवस निळं पडून दुखतं.

डांबराची भीती उगीच आहे. जुना, गुळगुळीत झालेला डांबरी रस्ता पायाला बरा असतो. वाईट तो पाऊस खाल्लेला, ज्यातली खडी उघडी पडली आहे. आणि गल्लीतले खरबरीत काँक्रीटचे रस्ते, ते कानशीसारखे कातडी घासतात. ओल्या रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावरून जाताना पाय घसरतो, तेवढं सांभाळा.

राजहंसगडाकडच्या चढावर सराव करणाऱ्यांना एक सांगणं: चढ अनवाणी, उतार चालत. उतारावर पाय पुढे टाकून ब्रेक लागतो आणि चवड्याखाली फोड येतो.

निपाणी_नाका

शेताचा विषय निघालाय म्हणून. सुगीनंतरच्या रानात अनवाणी जाऊच नका. जोंधळ्याची धसकटं, तंबाखूची खुंटं आणि ऊस तोडल्यावरचे बुडखे तिरके छाटलेले असतात, सरळ तळव्यात घुसतात. बांधावर सराटे. ते निदान काढता येतात.

गवतातून, उसातून, अंधारात तर अजिबात नको. घोणस आणि फुरसं वाटेतून हलत नाहीत. दौड पहाटेची असते, तेव्हा घरातून जमण्याच्या ठिकाणापर्यंत जाताना बॅटरी हातात ठेवा. मण्यार रात्री-पहाटे फिरते.

वज्री

आता तळव्याचं. लोकांना घट्टे हवे असतात. खरं तर जाड घट्टा आणि चांगला तळवा या दोन वेगळ्या गोष्टी. चांगला तळवा गुळगुळीत, लवचिक, जुन्या चामड्यासारखा असतो. घट्ट्याची कड वर आली की ती रस्त्यात अडकते, फाटते आणि भेग आत लालपर्यंत जाते. म्हणून आठवड्यातून एकदा आंघोळीनंतर वज्रीने कडा घासायच्या, मधला भाग सोडायचा. ब्लेडने कापायचं नाही.

रात्री कोकमाचं तेल. आपल्याकडे खानापूर-कोकणच्या बाजूला ते घट्ट वडीच्या रूपात मिळतं. वाटीत जरा गरम करून पातळ करायचं, भेगांत भरायचं, वर जुना सुती मोजा. भेगा खोल असतील तर औषधाच्या दुकानातलं युरिया असलेलं मलम जास्त काम करतं. सकाळी धावण्याआधी मात्र तळव्याला काहीच लावू नका, तेलकट मऊ कातडी लवकर सोलते.

पावसाळ्यात उलटं दुखणं, चिखल्या. बोटांच्या बेचक्यात पांढरं होऊन कातडी सुटते. घरी आलात की साबणाने धुवा आणि पंचाचं टोक प्रत्येक बेचक्यात फिरवा, करंगळीजवळची बेचकी लोक नेहमी सोडतात. चिखल्या झाल्याच तर क्लोट्रिमाझोल, म्हणजे बुरशीवरचं मलम, दिवसातून दोनदा, आणि बरं दिसलं तरी दोन आठवडे थांबवू नका.

बिब्बा नको. काटा काढायला, भेगा भरायला बिब्ब्याचं तेल घालायची जुनी सवय आहे, त्याने कातडी भाजते. दौडीच्या तोंडावर बिब्बा उतला तर नवरात्र अंथरुणात.

अनगोळ_अक्का

वज्री, तुमचं सगळं मान्य, फक्त घट्ट्याबद्दल एक भर. घट्टा जाड झाला की पायाला जमीन कळत नाही असं समजतात, ते तितकं खरं नाही. २०१९ मध्ये केनियातल्या आणि अमेरिकेतल्या लोकांचे पाय मोजून संशोधकांनी दाखवलं की घट्ट्याची जाडी वाढली तरी तळव्याची जाणीव कमी होत नाही. जाणीव कमी होते ती बुटाच्या गादीने.

आणि मुलांबद्दल. आपल्याच राज्यातलं, मणिपालच्या डॉक्टरांचं १९९२ सालचं सर्वेक्षण आहे, २३०० मुलांचं, वय ४ ते १३. बूट-चप्पल घालणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के, न घालणाऱ्यांत २.८ टक्के. घरात, अंगणात मुलांना अनवाणी खेळू द्या.

चालता_बोलता

म्हणजे मोठ्या माणसाने अनवाणी चाललं तर सपाट पायाला कमान येते?

अनगोळ_अक्का

असं त्यातून निघत नाही. ती पाहणी मुलांची आहे, आणि वाढीच्या वयातली. मोठेपणी पायाचे स्नायू बळकट होतात, कमानीचा आकार फारसा बदलेल असं धरून चालू नका.

दवाखाना_पाच_नंतर

शुगरवाल्यांचा प्रश्न मागे राहू नये. हाच या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

मधुमेहात पायाची जाणीव हळूहळू जाते आणि माणसाला ते कळत नाही. घरी तपासायची सोपी रीत: आजोबांना डोळे मिटून आडवं करा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशी सहा टोकं, आपल्या तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच टेकवा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. 'लागलं' म्हणायला सांगा. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर जाणीव गेलेली समजा आणि डॉक्टरांना दाखवा, ते दहा ग्रॅमचा दाब देणाऱ्या बारीक नायलॉनच्या दोऱ्याने नीट तपासतात. अशा माणसाने घरातसुद्धा अनवाणी फिरू नये. व्रत असेल तर देवळाच्या दारापर्यंत चप्पल, आत तेवढं अनवाणी.

दुपारची फरशी आणि डांबर वेगळं सांगते. ऑक्टोबरच्या उन्हात डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवता आली नाही तर पाय टेकवू नका. जाणीव गेलेल्या माणसाला भाजलेलं संध्याकाळी मोज्याला पाणी लागल्यावर कळतं.

पायात रक्तपुरवठा कमी असलेले, पूर्वी जखम चिघळलेली असलेले यांनीही नको. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच ज्यांना असह्य दुखते, त्यांनी ते बसेपर्यंत कडक फरशीवर अनवाणी फिरायचं थांबवावं.

धनुर्वाताची लस आत्ताच पाहून ठेवा. दहा वर्षांत डोस झाला नसेल तर घ्या, आता टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची एकत्र लस) देतात. माती-शेण लागलेली खोल जखम झाली आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षं होऊन गेली असतील, तर तेव्हाही घ्यावा लागतो.

पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी. जिथे उघड्यावर शौच होतं तिथल्या ओल्या मातीतून अंकुशकृमीच्या अळ्या तळव्यातून शिरतात. आधी बोटांत खाज, पुढे रक्त कमी होणं. आणि भेगा पडलेल्या पायाने साचलेल्या पाण्यात, गोठ्याच्या चिखलात उतरू नका, लेप्टोचा (जनावरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या जंतूंच्या तापाचा) धोका असतो.

निपाणी_नाका

काटा मोडून आत राहिला तर?

दवाखाना_पाच_नंतर

पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, पुसून स्पिरिट, सुई ज्योतीवर धरून गार करायची. काटा ज्या दिशेने शिरला त्या दिशेने वरची कातडी थोडी उघडायची आणि चिमट्याने त्याच वाटेने मागे ओढायचं. आडवं उकरत बसलं की टोक मोडतं. बाभळीचा काटा हमखास मोडतो. बोटाच्या सांध्याजवळ शिरला असेल किंवा दोन दिवसांनी ठणका वाढला तर घरी उकरू नका. राहिलेला काटा पुढे महिन्यांनी न दुखणारी गाठ, त्यातून पू आणि बारीक दाणे, असा निघू शकतो. त्याला मदुरा फूट म्हणतात. अनवाणी शेतकऱ्यांचाच आजार.

अथणी_चामडं

रोजच्या वापराला अनवाणी आणि बूट यांच्या मधलं काहीतरी हवं तर आपल्याकडे ते आहेच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत तसे कर्नाटकाचेही चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी-निपाणीकडचा माल त्यातलाच.

टाच जवळजवळ सपाट, पुढे बोटांना पसरायला जागा, तळ चामड्याचा, बाभळीच्या साली आणि हिरड्यात कमावलेला. नवी जोडी पहिले आठ दिवस रोज अर्धा तासच घाला. अंगठा आणि पट्ट्याच्या कडेला आतून एरंडेल लावून रात्रभर ठेवा, म्हणजे चावत नाही. पावसात घालू नका, तळ फुगतो आणि वादीची शिवण सुटते. धावायला मात्र नाही. पट्टा धरून ठेवायला बोटं आवळली जातात आणि टाच मागून सुटी राहते.

धावनोंद

धावताना पूर्ण अनवाणी नको वाटणाऱ्यांनी शाळेचे पांढरे कॅनव्हासचे पीटी शूज घ्यावेत, आतली गादी काढून. पण लक्षात ठेवा, पातळ बुटात तळव्याला खडे टोचत नाहीत, म्हणून चूक कळत नाही आणि अंतर वाढतं. अनवाणी पाय निदान ओरडतो.

शहापूर_गल्ली

पाऊल कसं टाकायचं ते राहिलं. चवड्यावर पळायचं म्हणतात ना?

पोटरी_आणि_टाच

निम्मं बरोबर. चवड्याची बाहेरची बाजू आधी टेकते आणि मग टाच अलगद खाली येते. टाच अधांतरी धरून पळणं ही नवख्यांची पहिली चूक, तीन दिवसांत पोटरी बांधली जाते. दौडीच्या मंद वेगात तर टाच आधी टेकली तरी आभाळ कोसळत नाही. केनियाच्या उत्तरेकडच्या, कायम अनवाणी असणाऱ्या दासानाच लोकांची पाहणी झाली, त्यात सावकाश पळताना बहुतेक पावलं टाचेवरच पडत होती. आपटायचं नाही, एवढंच.

पाऊल लहान ठेवा, कमरेखाली पडू द्या. मोजायची रीत: पंधरा सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकला ते मोजा. बावीसच्या आसपास हवा. अठरा आला तर पाऊल लांब पडतंय.

बाकी फोड बघून चूक ओळखता येते. चवड्याच्या मध्यावर फोड म्हणजे पाय पुढे टाकून घासता आहात. बोटांच्या टोकांना फोड म्हणजे मागे जमीन ढकलता आहात, पाऊल ढकलू नका, उचला. एकाच पायाला असेल तर रस्त्याच्या उताराकडे बघा, आपले रस्ते कडेला झुकलेले असतात, जमेल तेवढं मधून पळा. पाण्याने भरलेला फोड छोटा असेल तर फोडू नका. मोठा, चालताना दाबला जाणारा असेल तर तापवून गार केलेल्या सुईने कडेला छिद्र करून पाणी काढा, वरची कातडी काढू नका, वर स्वच्छ पट्टी.

आवाजही ऐका. पाय 'पट पट' वाजत असेल तर चुकतंय.

खानापूर_रान

प्रत्यक्ष नऊ दिवसांसाठी एवढंच. रस्त्यावर रांगोळी असते, तिची पूड पावलाखाली फिरते, घसरू नका. स्वागताच्या ठिकाणी नारळ फुटतो, करवंटीचे तुकडे गर्दीत दिसत नाहीत. पुढच्याच्या पायांकडे नको, त्याच्या पुढच्या रस्त्याकडे नजर ठेवा, दोन हात अंतर सोडा. पुढच्याच्या बुटाची टाच अनवाणी बोटावर पडणं ही दौडीतली नेहमीची दुखापत, म्हणून बूटवाल्यांनी मागे किंवा कडेला राहावं. रोज घरी आल्यावर तळवा उजेडात, हातात आरसा धरून पाहा.

शहापूर_गल्ली

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर बेत टाकतो, उद्यापासून पंधरा मिनिटं चाल सुरू. चिमटा, स्पिरिट, पट्ट्या, एक जोडी चप्पल एका पिशवीत घालून मागच्या गाडीवर ठेवू.

वज्री

चप्पल दोन जोड्या ठेवा, मोठ्या मापाच्या. पट्टी बांधलेला पाय आपल्या मापात शिरत नाही.